विमानतळाची जलद गाडी की थांबत जाणारी?

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे लंडनला गेलो, तेव्हा हीथ्रो विमानतळावरून शहरात जाण्यासाठी एक जलद गाडी आणि एक थांबत जाणारी गाडी अशा दोन्ही सोयी दिसल्या. नवी लोकल झाल्यावर जलद गाडीची गरज उरते का? आणि नवी मुंबईच्या विमानतळाला अशी गाडी मिळाल्यास आम्हा सांगलीकरांना तिचा उपयोग होईल का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ पासून धावते आणि १५ मिनिटांत लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाला पोहोचवते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गाच्या, थांबत जाणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे अर्धा तास लागतो. परंतु ती पॅडिंग्टनला संपत नाही, तर शहराच्या पोटातून थेट पूर्वेकडे जाते. आपले चिरंजीव समजा पूर्वेकडच्या वूलिचला राहत असतील, तर जलद गाडीने वाचवलेली मिनिटे पॅडिंग्टनला दोन बॅगा आणि भडंगाचा डबा सांभाळत गाडी बदलण्यातच खर्ची पडतात. शिवाय जलद गाडीचे ऐनवेळी काढलेले तिकीट महाग, तर दुसरीचे त्याहून बरेच स्वस्त. आजवर जलद गाडीचा मुख्य आधार वेगाइतकाच पर्यायाच्या अभावाचा होता, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण रुळांची आहे आणि ती पुणे–मिरज मार्गावर प्रवास केलेल्यांना समजावून सांगावी लागणार नाही. एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी पॅसेंजर ताकारीला किंवा रहिमतपूरला बाजूच्या रुळावर थांबवून ठेवली जाते, तेव्हा एका वेगवान गाडीची किंमत मागच्या अनेकांनी मोजलेली असते. वेगवेगळ्या गतीच्या गाड्या एकाच रुळावरून सोडल्या, की त्यांच्यात मोकळे अंतर राखावे लागते आणि तासाला सुटणाऱ्या एकूण गाड्या घटतात. गर्दीच्या शहरात असे मोकळे अंतर फार महाग पडते. बँकॉकमध्ये २०१० साली विमानतळ मार्गावर दोन्ही प्रकारच्या गाड्या सुरू झाल्या; जलद गाडी २०१४ मध्ये बंद पडली, सर्व स्थानकांवर थांबणारी मात्र आजही भरून धावते.

तरीही जलद गाडी सर्वत्र निरुपयोगी ठरेल, असे म्हणता येणार नाही. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून सुमारे ५७ किलोमीटरवर आहे; तेथे स्वतंत्र मार्गावर विनाथांबा आणि मोजके थांबे घेणारी अशा दोन गाड्या २००२ पासून सुखाने नांदत आहेत. दिल्लीचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा. २०११ मध्ये सुरू झालेला तेथील विमानतळ मार्ग २०१२ मध्ये तांत्रिक दोषांमुळे काही महिने बंद ठेवावा लागला. २०१३ मध्ये तो दिल्ली मेट्रोने चालवायला घेतला, पुढे भाडे उतरवले, आणि मग प्रवासी वाढले.

आता आपल्याविषयी. सांगलीची रात्रीची ट्रॅव्हल्स पहाटे कळंबोलीला सोडते आणि अंधारात, सामान पायाशी ठेवून रिक्षावाल्याशी घासाघीस करणारी वयस्कर जोडपी मी अनेकदा पाहिली आहेत. नवी मुंबईचा विमानतळ तेथून जवळ आहे आणि उरणच्या लोकल मार्गावरचे तरघर स्थानकही त्याच्या जवळ आहे. दोन विमानतळांना जोडणारी नियोजित मेट्रो ८ मुंबईकरांच्या कामाची आहेच. परंतु मिरजेहून वा साताऱ्याहून येणाऱ्याला त्याहून अधिक उपयोगी पडेल ती पनवेलहून पहाटे चारपासून दर पंधरा मिनिटांनी सुटणारी, सामानाला जागा असलेली साधी गाडी. लोकप्रतिनिधींकडे मागणी करायची असेल, तर ती हीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : साताऱ्याहून पुण्याच्या लोहगाव विमानतळाला मेट्रोने जाता येते का? (एक वाचक, सदर बझार, सातारा)

उत्तर : थेट नाही. स्वारगेटला उतरून भुयारी मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जावे, तेथे रामवाडीची गाडी पकडावी आणि रामवाडीहून उरलेल्या काही किलोमीटरसाठी बस किंवा रिक्षा करावी. सामान जड असल्यास जिल्हा न्यायालय स्थानकात सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट शोधावी. तेथे भुयारातून उन्नत फलाटापर्यंत बरेच वर चढावे लागते.