वाचकांचे प्रश्न : शुक्राच्या ढगांखाली

प्रश्न : शुक्र कायम दाट ढगांनी झाकलेला असतो. तरीही त्याच्या पृष्ठभागावर भयंकर उष्णता आहे, हे तेथे यान उतरण्यापूर्वीच समजले होते, असे वाचनात आले. ते कसे समजले? पुढे प्रत्यक्ष उतरलेल्या यानाला तेच आढळले का?

उत्तर : ढग दृश्य प्रकाशाला अडवतात, पण काही तरंगलांबीच्या रेडिओलहरी त्यांतून बाहेर पडू शकतात. 1956 मध्ये पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीने शुक्राकडून येणाऱ्या सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी मोजल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या तीव्रतेवरून तापमान जवळजवळ 300 अंश सेल्सिअस निघाले. मात्र या लहरी तापलेल्या जमिनीतून येतात की वातावरणाच्या अगदी वरच्या, विद्युतभारित थरातून, हे ठरवता येईना. दुसरी शक्यता खरी असती, तर खालची जमीन बरीच थंड असू शकली असती आणि शुक्रावर समुद्र असल्याची कल्पनाही तग धरून राहिली असती.

हा वाद मिटवण्याची युक्ती साधी होती. लहरी वरच्या थरातून येत असतील, तर ग्रहबिंबाच्या कडेकडे पाहताना आपली दृष्टिरेषा त्या थरातून तिरकी, म्हणजे अधिक अंतर जाईल आणि कडा अधिक तेजस्वी दिसेल. उलट लहरी जमिनीतून येत असतील, तर कडेकडे त्यांना वरच्या थंड हवेतून लांबचा मार्ग कापावा लागेल आणि कडा मंद दिसेल. पृथ्वीवरून हा फरक टिपता येण्याइतके शुक्राचे बिंब स्पष्ट दिसत नव्हते, म्हणून जवळ जाणे भाग होते. अमेरिकेचे सुमारे 200 किलो वजनाचे मरिनर-2 हे यान 14 डिसेंबर 1962 रोजी शुक्रापासून सुमारे 35,000 किलोमीटरवरून गेले आणि त्याच्या उपकरणाला कडा मंद आढळली. उष्णता जमिनीचीच होती. या यानावर कॅमेरा नव्हता. केवळ तीन वेळा बिंबावरून नजर फिरवून त्याने हा निकाल दिला, ही गोष्ट मला त्या काळातील कोणत्याही छायाचित्रापेक्षा मोलाची वाटते.

सर्वांनाच हा निकाल लगेच पटला असे नाही. सोव्हिएत संघाने 1967 मध्ये पाठवलेल्या व्हेनेरा-4 च्या अभियंत्यांनी कुपी (म्हणजे यानापासून सुटून खाली उतरणारा भाग) पाण्यात पडण्याची शक्यता गृहीत धरून तिच्या एका कडीत साखर वापरली होती. पाण्यात साखर विरघळली की अँटेना मोकळी व्हावी, असा त्यांचा हिशेब होता. ही कुपी 18 ऑक्टोबरला पॅराशूटने खाली येताना सुमारे दीड तास संदेश पाठवत राहिली आणि हवा बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची आहे, हे तिने दाखवून दिले. ती जमिनीवर पोहोचली, असे आधी जाहीर झाले. मात्र दुसऱ्याच दिवशी शुक्राजवळून गेलेल्या मरिनर-5 ची मोजमापे आणि रडारने काढलेली ग्रहाची त्रिज्या ताडून पाहिल्यावर, ती जमिनीच्या बरीच वर असतानाच बंद पडली होती, हे उघड झाले. 1969 मधील व्हेनेरा-5 आणि 6 यांच्या कुप्या अधिक मजबूत होत्या, पण त्याही जमीन गाठण्यापूर्वीच मूक झाल्या.

अखेर 15 डिसेंबर 1970 रोजी व्हेनेरा-7 उतरले, खरे तर आदळले, कारण शेवटच्या टप्प्यात पॅराशूट निकामी झाले होते. संदेश थांबला असेच सुरुवातीला वाटले. नंतर नोंदींच्या फिती पुन्हा तपासल्या, तेव्हा अत्यंत क्षीण असा 23 मिनिटांचा संदेश त्यांत सापडला. कुपी बहुधा कलंडली होती आणि तिच्या अँटेनाचा रोख पृथ्वीकडे राहिला नव्हता. कोणत्या उपकरणाची नोंद पाठवायची याची निवड करणारी कळ एकाच जागी अडकल्यामुळे त्या संदेशात फक्त तापमान होते : सुमारे 475 अंश. दाब पृथ्वीच्या साधारण नव्वदपट असावा, हे गणिताने काढावे लागले. तेव्हा आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होय’ असेच आहे.

प्रश्न : रेडिओ संदेश मंगळावरून काही मिनिटांत पृथ्वीवर येतो. मग 1965 मध्ये मरिनर-4 ची छायाचित्रे मिळण्यास दहा दिवसांच्या आसपास वेळ का लागला?

उत्तर : संदेश येण्यास तेव्हा सुमारे बारा मिनिटे लागत होती, खोळंबा होता तो पाठवण्याच्या वेगाचा. प्रत्येक छायाचित्र 200 गुणिले 200 बिंदूंचे आणि प्रत्येक बिंदू सहा बिटांचा, म्हणजे एकूण 2,40,000 बिट. इतक्या दुरून क्षीण प्रक्षेपकाने सेकंदाला जेमतेम आठ-साडेआठ बिट पाठवता येत असल्याने एका छायाचित्राला आठ तास लागत. म्हणून मंगळाजवळून जाताना सर्व छायाचित्रे चुंबकीय फितीवर साठवली गेली आणि नंतर सावकाश पाठवली गेली. संगणकाने चित्र तयार करीपर्यंत धीर न धरवल्यामुळे काही अभियंत्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर चिकटवून त्या रंगीत खडूंनी हाताने रंगवल्या होत्या. पूर्ण छायाचित्रे एकवीस मिळाली. बाविसाव्याचा काही भागच हाती आला.