शीख अध्ययनाचा पेपर आणि कलम 28

प्रश्न : मी राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात इतिहास शिकवतो. ‘शीख अध्ययन’ हा दोन श्रेयांकांचा ऐच्छिक पेपर आणि पुढे एक अध्यासन, असा प्रस्ताव मी दिला. ‘राज्यघटनेच्या कलम 28 नुसार धार्मिक शिक्षण देता येत नाही’ असा शेरा मारून तो परत आला. शहरातले काही शीख व्यापारी अध्यासनासाठी देणगी द्यायला तयार आहेत, पण त्यांच्या काही अटी आहेत. एका व्यापाऱ्याचे भाऊ कॅनडाहून पैसे पाठवणार आहेत. मी कोर्टात जावं का?

उत्तर :

सर, नमस्कार. कोर्टात सध्या जाऊ नका. तुमची बाजू कायद्यानं भक्कम आहे, पण प्रस्तावातली एक ओळ आणि देणगीपत्रातली दोन कलमं ती कमकुवत करतात. ती आधी दुरुस्त करू.

हा सगळा घोळ ‘शिक्षण’ या शब्दाचा आहे. कलम 28 च्या मराठी पाठात ‘धार्मिक शिक्षण’ असं छापलेलं आहे आणि वाचणाऱ्याला वाटतं, धर्माबद्दल काही शिकवायलाच बंदी आहे. मूळ इंग्रजीत शब्द ‘इन्स्ट्रक्शन’ आहे, ‘एज्युकेशन’ नाही. अमुक श्रद्धा धर, अमुक उपासना कर, अशी दीक्षावजा शिकवण म्हणजे इन्स्ट्रक्शन. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत ती देता येत नाही. एखादा धर्म कसा घडला, त्याच्या ग्रंथात काय आहे, समाजावर त्याचा काय परिणाम झाला, हे अभ्यासणं वेगळं. 2002 साली अरुणा रॉय खटल्यात शालेय अभ्यासक्रमाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक मान्य केला.

पण तुमच्यासाठी त्याहून जवळचा निकाल 1971 चा आहे, आणि शेरा मारणाऱ्यांनी तो वाचलेला दिसत नाही. गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीच्या निमित्तानं 1969 मध्ये पंजाबनं कायदा करून अमृतसरला विद्यापीठ काढलं. गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण, तसंच भारतीय व जागतिक संस्कृतीवरचा त्यांचा प्रभाव, यांच्या अध्ययन-संशोधनाची सोय करणं हे त्या कायद्याच्या कलम 4 मध्येच विद्यापीठाचं काम म्हणून लिहिलं होतं. जालंधरच्या डी.ए.व्ही. कॉलेजनं त्याला आव्हान दिलं. म्हणणं तुमच्या विद्यापीठासारखंच होतं, की हे कलम 28 च्या विरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. कुठल्याही थोर संताचं जीवन, तत्त्वज्ञान आणि त्याचा संस्कृतीवरचा परिणाम यांचा विद्याशाखीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच निकालात कॉलेजच्या व्यवस्थापनात ढवळाढवळ करणारे विद्यापीठाचे काही नियम मात्र रद्द झाले. तुमच्या पत्रात या निकालाचं पूर्ण नाव आणि वर्ष घाला, प्रत जोडा.

आता तुमच्या प्रस्तावाकडे येतो. पाठवलेली प्रत मी दोनदा वाचली. पहिले चार घटक उत्तम आहेत. गुरुग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या 61 पदांवरचा घटक वाचून मला मनापासून आनंद झाला. पंढरपूरचा वारकरी पंजाबात घुमानला पूजला जातो आणि 1708 साली दशमगुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला, ही दोन टोकं जोडणारा पेपर महाराष्ट्रात नसेल तर कुठे असायचा? पाचव्या घटकात मात्र तुम्ही लिहिलंय, ‘विद्यार्थ्यांनी सत्रात दोनदा अरदाशीस उपस्थित राहणे अनिवार्य, 10 गुण.’ अरदास म्हणजे शिखांची प्रार्थना, म्हणून ही ओळ काढाच. कलम 28 च्या तिसऱ्या पोटकलमानुसार शासनमान्य किंवा शासनाची मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. पेपर ऐच्छिक आहे म्हणून अरदास सक्तीची करता येईल, असा अर्थ मी तरी काढणार नाही. तिथे असं लिहा : ‘गुरुद्वाऱ्याला क्षेत्रभेट ऐच्छिक, न जाणाऱ्यास तितक्याच गुणांचे लेखी काम.’ जे जातील त्यांनी डोकं झाकावं, हा त्या जागेचा रिवाज आहे. तो पाळण्यात कायद्याची काही अडचण नाही.

देणगीचं बघू. मसुद्यात दोन अटी आहेत : अध्यासनाचे प्राध्यापक देणगीदारांच्या पसंतीचे असावेत आणि संशोधन छापण्याआधी त्यांच्या समितीला दाखवावं. दोन्ही नाकारा. प्राध्यापकाची निवड हे कायद्यानं ठरवलेल्या निवड समितीचं काम आहे. दुसऱ्या अटीचं काय होतं ते कॅनडात दिसलं आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शीख समाजाच्या आणि सरकारच्या पैशातून अध्यासन उभं राहिलं, आणि नव्वदच्या दशकात तिथल्या प्राध्यापकांच्या संशोधनावरून समाजातून इतका विरोध झाला की त्यांनी ते पद सोडलं. माणसं वाईट नव्हती. अपेक्षा वेगळ्या होत्या. म्हणून आजच लिहून घ्या की देणगी कायमची आहे, नाव अध्यासनाला राहील, वर्षातून एकदा खर्चाचा हिशेब आणि कामाचा अहवाल मिळेल, अभ्यासक्रम, नेमणूक आणि संशोधन विद्यापीठाकडे राहील. देणगीदारांना समोर बसवून समजावून सांगा. ते श्रद्धेनं देताहेत, त्यांचा अवमान होता कामा नये.

कॅनडातल्या भावांचा पासपोर्ट कोणता, हे पहिलं विचारा. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी ती परदेशी देणगीच, आणि तिला 2010 चा परदेशी अंशदान कायदा लागतो. त्यासाठी विद्यापीठाकडे नोंदणी, पूर्वपरवानगी किंवा सूट यांपैकी काय आहे, ते वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. उत्तर येईपर्यंत एक रुपयाही कुणाच्या खात्यात येऊ देऊ नका, तुमच्या वैयक्तिक खात्यात तर मुळीच नाही.

कोर्टाबद्दल स्पष्टच सांगतो. अमुक पेपर सुरू करा, असा आदेश उच्च न्यायालय सहसा देत नाही. ते विद्यापरिषदेचं क्षेत्र मानतं. चुकीच्या कारणानं प्रस्ताव फेटाळला, एवढ्यावर फार तर ‘फेरविचार करा’ असं म्हणेल, आणि त्यात तुमची दोन वर्षं जातील. त्याऐवजी दुरुस्त प्रस्ताव 1971 च्या निकालासह पुन्हा अभ्यास मंडळात मांडा, तिथून विद्यापरिषदेकडे जाऊ द्या, आणि परत नाकारला तर कारणं लेखी मागा. तो कागद हातात आला की मला पाठवा. देणगीच्या करारावर सही मात्र त्याआधी करू नका.