मेडिकल पास होत असेल, तर पायलटला ६५ व्या वर्षी सक्तीने का उतरवतात?

६५ हा आकडा कुठल्या तपासणीतून निघालेला नाही, आणि त्याआधीचा ६० तर मुळीच नाही. अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) ६० ची मर्यादा १९५९ च्या अखेरीस आणली. त्या काळात अमेरिकन एअरलाइन्सचा वैमानिक संघटनेशी साठीच्या निवृत्तीवरूनच वाद चालू होता, आणि कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी एफएएचे प्रमुख क्वेसाडा यांच्याकडे शब्द टाकला होता. क्वेसाडा १९६१ मध्ये त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. आता काय समजायचं ते समजा.

आयसीएओने (संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेने) नोव्हेंबर २००६ मध्ये मर्यादा ६५ केली. दुसरा पायलट साठीच्या आतला हवा ही अट होती, तीही २०१४ मध्ये गेली. आपल्याकडेही प्रवासी विमानासाठी ६५ च.

वैद्यकीय बाजूचा हिशेब मात्र पक्का आहे. पायलट अचानक निकामी होण्याची शक्यता वर्षाला १ टक्का असली तरी चालते, असं धरतात. वर्षाचे तास साधारण १०,०००, म्हणजे तासाला दहा लाखांत एक. त्यातला टेकऑफ-लँडिंगचा नाजूक वेळ सुमारे १० टक्के, म्हणजे कोटीत एक. अशा वेळी दुसऱ्या पायलटला विमान सावरता न येण्याची शक्यता शंभरात एक धरली, की अपघाताची शक्यता तासाला अब्जात एकवर येते. सगळी मदार त्या दुसऱ्या पायलटवर आहे, म्हणून साठीनंतर एकट्याने प्रवासी विमान उडवता येत नाही.

दुसऱ्याने करायचं काय, तेही ठरलेलं असतं. दोनदा विचारूनही नीट उत्तर आलं नाही, की 'आय हॅव कंट्रोल' म्हणून विमान हातात घ्यायचं आणि ऑटोपायलट लावायचा. एअरबसवर शेजारचा साइडस्टिकवर (विमान वळवायच्या बाजूच्या दांडीवर) कोसळला असेल तर आपल्या स्टिकवरचं लाल बटण ४० सेकंद दाबून धरायचं, मग त्याची स्टिक बादच होते. केबिन क्रूला बोलावून त्याला मागे ओढायचं, पट्टा लॉक करायचा, सीट मागे सरकवायची आणि मेडे, म्हणजे संकटाचा रेडिओ संदेश, द्यायचा.

पण वयाची खरी भीती कोसळण्याची नाही, हळूहळू मंदावण्याची आहे. साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी होतं. ईसीजी, बीपी, साखर, डोळे, कान यांत हृदय पकडलं जातं; पहाटे तीनला रनवे बदलून मिळाल्यावर डोकं किती वेगाने चालतं, हे नाही. सिम्युलेटर चेकमध्ये टेकऑफला इंजिन बंद पडणं वगैरे ठरावीक प्रसंग असतात, आणि मुरलेला कॅप्टन ते सवयीने निभावून नेतो. म्हणून 'मेडिकल पास आहे ना' हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. आधी ही तपासणी सुधारा, मग आकड्याचं बोला.

अमेरिकेत मर्यादा ६७ करण्याचा प्रस्ताव अडला तो वेगळ्याच कारणाने. तिथल्या प्रतिनिधिगृहाने २०२३ मध्ये तो मंजूर केला, पण २०२४ च्या अंतिम कायद्यात तो नव्हता. आयसीएओची मर्यादा ६५ च असल्याने बोइंग ७७७ च्या ६६ वर्षांच्या कॅप्टनला परदेशी पाठवता येत नाही. मग त्याला देशातल्या ७३७ वर आणायचं, त्यासाठी टाइप रेटिंगचं (त्या विशिष्ट विमानाच्या परवान्याचं) प्रशिक्षण द्यायचं. ज्येष्ठतेने तो तिथल्या कॅप्टनला हलवणार, तो त्याच्या खालच्याला. सिम्युलेटर आधीच भरलेले. पायलटांचा तुटवडा भरून काढायला निघालेला कायदा त्यांना वर्गात बसवून ठेवणार! विमान कंपन्यांच्या संघटनेने, आयाटाने, २०२५ मध्ये आयसीएओपुढेच ६७ मांडून पाहिलं, तेही मान्य झालं नाही. जपानने मात्र २०१५ पासून ६८ च्या आतल्यांना उडवू दिलं आहे.

तुमच्या ओळखीत कुणी ६५ चे होत असतील तर एवढं लक्षात ठेवा: बंदी व्यावसायिक वाहतुकीला आहे, लायसन्सला नाही. सिम्युलेटरवर शिकवता येतं. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ६५ ची मर्यादा वैध ठरवताना, प्रवासी नसलेलं विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं या बंदीत येत नाही, असंही स्पष्ट केलं होतं.