बेव्हरिजची दोन भाषणं एकाच टेबलावर ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. संदर्भ नीट लावले आहेस, तारखा चोख आहेत. मांडणी मात्र मला पटली नाही. का पटली नाही हे सविस्तर सांगावं, म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे.

पहिल्या प्रकरणात तू साम्राज्य घेतलं आहेस: १८९८ चं स्पेनशी युद्ध, फिलिपिन्स, प्युर्टो रिको, पनामा. दुसऱ्यात सुधारणा: मक्तेदारीविरुद्धचे खटले, अन्नशुद्धीचे कायदे, बालमजुरी, स्त्रियांचा मताधिकार. आणि शेवटच्या चार पानांत या दोहोंचा 'परस्परसंबंध'. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेवरची पाठ्यपुस्तकंही बहुतेक अशीच लिहिलेली असतात. ती वाचून वाटतं, की एक अमेरिका मनिलाभोवती बंदुका चालवत होती आणि दुसरीच कुठली तरी अमेरिका शिकागोतले कत्तलखाने स्वच्छ करत होती. माणसं तीच होती. तुझा प्रबंध या वाक्यापासून सुरू व्हायला हवा.

इंडियाना राज्याचा आल्बर्ट बेव्हरिज घे. १८९९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो सिनेटवर, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आला. जागेवर बसण्याआधी स्वतः फिलिपिन्स पाहून आला आणि ९ जानेवारी १९०० रोजी सिनेटमध्ये म्हणाला, की फिलिपिन्स कायमचं आमचं आहे, त्याच्या पलीकडे चीनच्या अफाट बाजारपेठा आहेत आणि आम्ही दोन्हींपैकी कशातूनही मागे हटणार नाही. पुढे १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीमुळे शिकागोच्या मांसउद्योगातली घाण चव्हाट्यावर आली, तेव्हा मांस तपासणीची तरतूद सिनेटमध्ये आणणारा हाच बेव्हरिज. ३० जून १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्या कायद्यावर सही केली. जानेवारी १९०७ मध्ये बेव्हरिज पुन्हा उभा राहिला, तो कोळशाच्या खाणींत, काचेच्या भट्ट्यांवर आणि सूतगिरण्यांत राबणाऱ्या मुलांसाठी. या मुलांबद्दलची शपथपत्रं त्याने सभागृहात वाचून दाखवली. ते विधेयक मंजूर झालं नाही. तसा केंद्रीय कायदा १९१६ पर्यंत झाला नाही, आणि झाला तोही सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला. तरी ते भाषण वाच. त्यातली कळकळ खरी आहे.

आता त्याचं आणखी जुनं एक भाषण काढ. १६ सप्टेंबर १८९८, इंडियानापोलिस. शासितांच्या संमतीनेच राज्य चालावं हे तत्त्व, तो म्हणतो, फक्त स्वतःचा कारभार करण्याची कुवत असणाऱ्यांना लागू होतं. मूळच्या इंडियन जमातींवर आपण त्यांच्या संमतीशिवाय राज्य करतो, आपल्या मुलांवरही त्यांच्या संमतीशिवायच करतो. हे तो बोलला त्याच्या आदल्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, मनिलाच्या उत्तरेला मालोलोस गावी बारासोआईनच्या चर्चमध्ये फिलिपिनो प्रतिनिधींची काँग्रेस भरली होती. जानेवारी १८९९ मध्ये तिने केलेली राज्यघटना जाहीर झाली आणि एमिलिओ आगिनाल्दो प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. ज्यांना कारभाराची कुवत नाही असं इंडियानात सांगितलं जात होतं, ते लोक त्याच आठवड्यात घटना लिहायला बसले होते. या दोन तारखा तुझ्या आराखड्यात कुठेच शेजारी येत नाहीत, कारण एक आहे 'अमेरिकन राजकारणा'त आणि दुसरी 'फिलिपिनो क्रांती'त.

दोन्ही भाषणं एकाच टेबलावर ठेवलीस की एक गोष्ट डोळ्यांत भरेल. दोन्हींमध्ये मूल आहे. १८९८ मध्ये परका देश मूल आहे, १९०७ मध्ये खाणीतलं मूल खरोखरचं मूल आहे, आणि बेव्हरिज दोन्हीकडे पालकाच्या भूमिकेत आहे. त्याच्या मनात विसंगती नव्हती. जाणत्या माणसांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने, सरकारची ताकद वापरून अजाण लोकांचं भलं करावं, हीच त्याची एकमेव श्रद्धा होती. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने फेब्रुवारी १८९९ मध्ये, स्पेनकडून फिलिपिन्स अमेरिकेला देणाऱ्या पॅरिस करारावर सिनेटमध्ये मतदान होत होतं त्याच दिवसांत, अमेरिकेला गोऱ्या माणसाचं ओझं उचलायला सांगणारी कविता छापली. त्यातही जिंकलेले लोक अर्धे सैतान आणि अर्धी मुलंच आहेत.

म्हणून माझी तुला कळकळीची विनंती आहे: बेव्हरिजला ढोंगी म्हणून मोकळी होऊ नकोस. ढोंगी म्हटलं की शोध तिथेच थांबतो. खरा प्रश्न असा विचार, की एकाच श्रद्धेतून शिकागोत स्वच्छ मांस आणि फिलिपिन्समध्ये जळालेली गावं कशी निघाली? माझं उत्तर सांगते, तू ते तपासून बघ. पेनसिल्व्हानियातल्या खाणकामगाराच्या मुलाच्या बापाला मत होतं आणि मुलगा मोठा झाला की त्यालाही मिळणार होतं. मांस खाणाऱ्याला मत होतं. सुधारक चुकला तर त्याला निवडणुकीत पाडता येत होतं. बेव्हरिज स्वतः पुढे सिनेटमधून हरून बाहेर पडलाच. फिलिपिनो माणूस सज्ञान कधी झाला हे मात्र पालकानेच ठरवायचं होतं. फिलिपिन्सविषयीच्या १९१६ च्या अमेरिकन कायद्याने स्थिर सरकार उभं राहिल्यावर स्वातंत्र्य देण्याचं वचन दिलं, आणि सरकार स्थिर आहे की नाही हे ठरवणार वॉशिंग्टन. स्वातंत्र्य मिळालं ४ जुलै १९४६ रोजी.

युद्धाबद्दल तू दीड पान दिलं आहेस. ते वाढव. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला, ४ जुलै १९०२ ला रूझवेल्टने युद्ध संपल्याचं जाहीर केलं. अमेरिकेचे सुमारे ४,२०० सैनिक गेले, फिलिपिनो लढवय्ये २०,००० हून अधिक, आणि हिंसा, उपासमार व रोगराईने मेलेल्या सामान्य लोकांचा आकडा २,००,००० पर्यंत सांगितला जातो. पण आकड्यांवर थांबू नकोस. क्युबात स्पॅनिश सेनापती वेलरने गावंच्या गावं छावण्यांत कोंडली होती. त्याबद्दल अध्यक्ष मॅकिन्लीने डिसेंबर १८९७ च्या संदेशात म्हटलं होतं, की ही सुसंस्कृत युद्धाची रीत नव्हे, हा संहार आहे. स्पेनविरुद्ध अमेरिकन जनमत पेटलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. चारच वर्षांनी, डिसेंबर १९०१ मध्ये, अमेरिकन सेनापती फ्रँकलिन बेलने बातांगास प्रांतात लोकांना ठरावीक हद्दींत कोंडण्याचे हुकूम काढले. आणि त्याच १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' जहाजातून शेकडो अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले होते. शाळा आणि छावणी एकाच वर्षातली आहे, एकाच सरकारची आहे. तुला त्या शिक्षकांची पत्रं मिळाली तर ममतेने वाच. त्यांतले बरेच जण मनापासून शिकवायला आलेले तरुण होते. फक्त ते वाचताना शेजारी बातांगासचा नकाशा असू दे.

न्यायालयाकडे तू अजिबात गेली नाहीस, याचं मला आश्चर्य वाटलं. प्युर्टो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात लागली. व्यापारी डाउन्स कोर्टात गेला: बेट अमेरिकेचं आहे, तर देशातल्या देशात जकात कसली? मे १९०१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्याच्या विरोधात गेला. बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण घटनेच्या सगळ्या अर्थांनी अमेरिकेत नाही, असं ठरलं. निकाल जाहीर करणारे न्यायमूर्ती हेन्री ब्राउन. १८९६ च्या प्लेसी खटल्यात काळ्या आणि गोऱ्या प्रवाशांचे डबे वेगळे ठेवणं घटनेला धरून आहे हा निकाल लिहिणारेही तेच. आणि दोन्ही वेळा विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती जॉन हार्लन. घरातली विषमता आणि बाहेरचं साम्राज्य यांचा संबंध शोधायला सिद्धांताची गरज नाही. चार निकालपत्रं समोर घेऊन बस. प्युर्टो रिकोत राहणाऱ्या नागरिकाला आजही अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही.

वाहतूक एकाच दिशेने झाली असंही समजू नकोस. डॅनियल बर्नहॅमने १९०५ मध्ये मनिला आणि बागियोचे नगर आराखडे केले आणि मग १९०९ मध्ये शिकागोचा प्रसिद्ध आराखडा. फिलिपिन्समध्ये सैनिक म्हणून राहून आलेला ऑगस्ट व्होल्मर पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलीसप्रमुख झाला आणि आधुनिक पोलीस सुधारणांचा जनक म्हणवला गेला. मनिलात लष्करी हेरगिरीचं काम केलेल्या राल्फ व्हॅन डीमनने १९१७ मध्ये मायदेशी लष्करी गुप्तवार्ता विभाग उभा केला. वसाहतीत मतदाराची परवानगी लागत नसल्यामुळे तिथे प्रयोग लवकर होतात आणि त्यांतले काही घरी परत येतात. हा धागा स्वतंत्र प्रबंधाचा आहे, तू त्याला दोन पानंच दे.

विरोधकांबद्दल लिहिताना तुझा सूर भक्तीचा झाला आहे. १८९८ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या साम्राज्यविरोधी लीगमध्ये मार्क ट्वेन होता, तसाच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ मध्ये ज्याच्या कंपनीने कामगारांचा संप मोडला तो अँड्र्यू कार्नेगीही होता. साउथ कॅरोलायनाचा सिनेटर बेन टिलमन फिलिपिन्स घ्यायला विरोध करत होता, कारण त्याला आणखी सावळ्या लोकांशी संबंधच नको होता. साम्राज्याला विरोध म्हणजे माणसाला माणूस मानणं, असं समीकरण मांडलंस तर टिलमन ते पहिल्याच पानावर मोडेल.

मग शोधायचं काय? मी इतक्या वर्षांच्या वाचनानंतर एकाच कसोटीवर येऊन थांबले आहे: ज्यांचं भलं करायचं, त्यांचं म्हणणं ऐकायला सुधारक थांबला का? या कसोटीवर मला जेन ॲडम्स सगळ्यात जवळची वाटते. १८८९ मध्ये तिने शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र काढलं. १८९५ मध्ये वॉर्डाची कचरा निरीक्षक म्हणून नेमणूक घेऊन ती पहाटे कचरागाड्यांच्या मागे फिरायची. एप्रिल १८९९ मध्ये शिकागोच्या साम्राज्यविरोधी सभेत ती बोलली, तेव्हा बोलली वस्तीतल्या पोरांबद्दल: ती रस्त्यावर युद्ध-युद्ध खेळत होती, आणि त्या खेळात क्युबाला सोडवणं नव्हतं, स्पॅनिश माणसं मारणं होतं. साम्राज्याचा परिणाम तिला आपल्या गल्लीत दिसला, कारण ती गल्लीत राहत होती.

इथे आपल्याला जवळची एक वाट आहे, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. हल हाउसच्या विश्वस्तांत तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होता. तोच पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा शिक्षक. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले, त्याच वर्षी वूड्रो विल्सनच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली होती. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईचा विचार बाबासाहेबांच्या १९३६ च्या, लाहोरला होऊ न शकलेल्या भाषणात येतो. अमेरिकेतल्या त्या सुधारणायुगात जाणत्यांच्या राज्याचा एक प्रवाह होता आणि सोबतच्या जगण्याचा दुसरा. दुसरा क्षीण होता, पण होता. वसाहतीत राहून गेलेल्या माणसांच्या वंशज म्हणून आपल्याला पहिल्याचा राग पटकन येतो. तो राग योग्यच आहे, पण त्या रागात दुसरा प्रवाह नजरेआड होऊ देऊ नकोस.

साधनांबद्दल थोडक्यात. सिनेटच्या कामकाजाचे खंड आणि फिलिपिन्सविषयक समितीच्या १९०२ च्या साक्षी आज घरबसल्या वाचता येतात. सैनिकांनी कैद्यांच्या घशात पाणी ओतून केलेल्या छळाची कबुली त्या साक्षींतच आहे. पण हे सगळं अमेरिकन तोंडून आलेलं आहे. म्हणून आपोलिनारिओ माबिनी वाच. पाय अधू झालेला हा वकील प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान होता. अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून १९०१ मध्ये त्याला पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर हद्दपार केलं. १९०३ च्या फेब्रुवारीत तो परतला आणि मे महिन्यात मनिलात कॉलऱ्याने गेला. तुझ्या संदर्भसूचीत एकही फिलिपिनो नाव नाही, आणि ही त्रुटी मी राहू देणार नाही.

सुरुवात कुठून करायची हे विचारशील, तर ऑगस्ट १९१२ मधून कर. शिकागोत रूझवेल्टच्या नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचं अधिवेशन भरलं आहे. प्रमुख भाषण करतो आहे बेव्हरिज. रूझवेल्टच्या उमेदवारीला अनुमोदन देते जेन ॲडम्स. जाहीरनाम्यात बालमजुरीबंदी आहे, स्त्रियांचा मताधिकार आहे आणि दर वर्षी दोन युद्धनौका बांधण्याचं कलमही आहे, जे ॲडम्सला गिळणं फार जड गेलं. दक्षिणेतल्या काळ्या प्रतिनिधींना सभागृहात जागा नाकारली गेली, त्याचंही स्पष्टीकरण तिला नंतर द्यावं लागलं. तिने हे का स्वीकारलं, काय मिळेल असं तिला वाटलं आणि काय मिळालं, यावर दहा पानं लिही. मांडणीची चिंता तूर्त सोड. दिवाळीआधी ती पानं मला पाठव, मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
बाई