कापलं कुणाला, राखलं कुणाला

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम नमस्कार.

उत्खननातल्या हाडांवरून जनावर रानटी होतं की पाळीव, हे कसं ओळखायचं असं तू विचारलं आहेस. बहुतेक जण आधी आकार बघतात. हाड लहान दिसलं की जनावर पाळीव, असं ठरवून मोकळे होतात. तू ही घाई करू नकोस. मेलं तेव्हा जनावराचं वय काय होतं आणि ते नर होतं की मादी, हे आधी शोध.

इराणच्या झाग्रोस डोंगरांत गंज दरेह ही सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची वस्ती आहे. तिथल्या शेळ्यांच्या हाडांचा मेलिंडा झेडर आणि ब्रायन हेसी यांनी नव्याने अभ्यास केला आणि २००० साली तो प्रसिद्ध केला. शिकारी शक्यतो भरल्या अंगाचा, पूर्ण वाढलेला नर टिपतो. कळप राखणाऱ्याचं गणित वेगळं. पैदाशीला मोजके बोकड पुरतात. बाकीचे अंगाने भरत आले की कापायचे आणि शेळ्या मात्र वितात तोवर सांभाळायच्या. गंज दरेहला हेच दिसलं. नर कोवळे असताना कापलेले, माद्या वयात येऊन बरीच वर्षं जगलेल्या.

खरी मेख पुढे आहे. कोवळ्या हाडांची टोकं मधल्या दांड्याला जुळलेली नसतात, म्हणून ती मोजमापात सहसा धरत नाहीत. उरतात पूर्ण वाढलेली हाडं, म्हणजे मुख्यतः माद्यांची, आणि मादी मुळातच लहान चणीची. त्यामुळे पाळल्याबरोबर शेळी लहान झाली असं वाटतं. त्या सुरुवातीच्या काळात शेळी होती तेवढीच होती. बदलली होती ती कुणाला कापायचं याची निवड. जनावराचं शरीर बदलण्याआधी माणसाचा निर्णय हाडांत दिसतो, आणि या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

म्हणून वय ओळखायला हाडांची टोकं कोणत्या क्रमाने जुळतात ते पाठ कर. शेळीच्या पुढच्या पायात कोपराजवळची टोकं साधारण वर्षभरात जुळतात, गुडघ्याकडची जुळायला तीनेक वर्षं लागतात. दात याहून भरवशाचे, कारण ते टिकतात. करडांची हाडं मऊ असतात. काही कुत्री चघळतात, काही मातीत विरतात. माती चाळलीच नसेल, तर उरलीसुरलीही राडारोड्यात जातात. तेव्हा ‘करडं कमी मारली’ असं लिहिण्याआधी चाळणीची नोंद आणि हाडांवरच्या कुत्र्यांच्या दातांच्या खुणा तपास.

हाडांपाशीच थांबूही नकोस. गंज दरेहच्या कच्च्या विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसे आहेत. विटा ओल्या असताना कळप गावातच वावरत होता. तेलंगणातल्या उतनूरला रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ साली राखेचं टेकाड खणलं. ती राख जळलेल्या शेणाची, आणि तिच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे व कुंपणाच्या लाकडी खांबांच्या खुणा होत्या. असा गोठा सापडला की गुरं राखलेली होती, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

जमेल तेव्हा एखाद्या मेंढपाळाबरोबर राहा. कोणता बोकड कधी काढतो आणि कोणता ठेवतो, ते विचार. कारणंही लिहून घे.

आता तुझ्याकडच्या जबड्यांची यादी पाठव. प्रत्येकाचा थर, दुधाची दाढ आहे की पक्की, झीज किती. डावे आणि उजवे जबडे वेगळे लिही, नाहीतर एकच शेळी दोनदा मोजली जाईल.

सस्नेह.