वॉरन बफेट वगळता कोणत्या दीर्घकालीन मूल्याधारित (म्हणजे खऱ्या मूल्यापेक्षा स्वस्तात मिळणारे समभाग घेणाऱ्या) गुंतवणूकदाराचा अभ्यास करावा?

माझे उत्तर वॉल्टर श्लॉस (1916–2012) असे आहे, आणि त्याचे मुख्य कारण त्यांचा परतावा नसून त्यांनी स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादा हे आहे.

1934 मध्ये, अठराव्या वर्षी, ते वॉल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत निरोप्या म्हणून लागले. महाविद्यालयाची पायरी ते कधीच चढले नाहीत. मूल्याधारित गुंतवणुकीचे जनक मानले जाणारे बेंजामिन ग्रॅहॅम यांच्या संध्याकाळच्या वर्गांना मात्र त्यांनी हजेरी लावली आणि महायुद्धातील लष्करी सेवेनंतर ग्रॅहॅम यांच्याच कंपनीत नोकरी धरली. 1955 मध्ये तेथून बाहेर पडून, 19 जणांकडून जमलेल्या सुमारे एक लाख डॉलरवर त्यांनी स्वतःची भागीदारी उभी केली.

कंपनीचा ताळेबंद वाचायचा, कर्ज किती आहे ते पाहायचे आणि समभाग पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) मानाने पुरेसा स्वस्त असेल तर घेऊन ठेवायचा, एवढीच त्यांची रीत होती. माणसांची पारख हा आपला प्रांत नव्हे, असे मानून ते कंपनीच्या व्यवस्थापकांना भेटण्याच्या भानगडीत पडत नसत. आणि एखाददुसरा अंदाज चुकणारच, हे गृहीत धरून शंभराहून अधिक समभाग बाळगत. त्यांची नक्कल करणारे हा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरतात आणि पाच-सहा पडेल समभाग घेऊन बसतात.

1984 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील भाषणात बफेट यांनी त्यांचा हिशेब मांडला: 1956 पासूनच्या सव्वाअठ्ठावीस वर्षांत भागीदारीची वाढ दरसाल 21.3 टक्के चक्रवाढ दराने, तर बाजाराच्या निर्देशांकाची 8.4 टक्के. श्लॉस यांचा वाटा वजा जाता गुंतवणूकदारांच्या पदरात 16.1 टक्के पडले, म्हणजे एका डॉलरचे जवळपास 68 डॉलर. हा वाटा नफ्याच्या चतुर्थांश होता. वेगळे व्यवस्थापन शुल्क नव्हते, त्यामुळे नफा नाही तर मेहनतानाही नाही. माझ्या मते त्यांचा खरा वारसा येथे आहे, आणि आजच्या फंडांनी नेमका तोच उचललेला नाही.

खर्चाचा काटेकोरपणाही तसाच. 1956 मध्ये कार्यालयात फायलींचे एक कपाट होते, 2002 पर्यंत त्यांची चार झाली. कारकून, हिशेबनीस कोणीच नव्हते, मदतीला फक्त मुलगा एडविन. मनाजोगे स्वस्त समभाग मिळेनासे झाले, तेव्हा महागड्यांच्या मागे न लागता त्यांनी लोकांचे पैसे परत केले.