किल्ल्यावरच्या चित्रांना जाळी पडली

प्रश्न : ताई, दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची जुनी चित्रं, म्हणजे छोट्या रंगीत मूर्ती, माझ्या वडिलांनी हौसेने जमवली. सिंहासनावरचे महाराज, तोफेजवळचे मावळे, गवळण, वाघ, दोन-तीन भालदार. काही मातीची आहेत, काही प्लास्टरची. रंग टिकावा म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे फर्निचरचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडून सगळ्यांवर चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारून घेतला. पावसाळा संपता संपता मातीच्या चित्रांवर बारीक तड्यांची जाळी दिसायला लागली. महाराजांच्या अंगरख्यावरचे पापुद्रे तर रंगासकट उचललेत. प्लास्टरची चित्रं मात्र शाबूत आहेत. आणखी एक हात मारला तर तडे बुजतील का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आणि मिस्त्री पुन्हा घरी आलाच, तर त्याला चहा पाजा. स्प्रे गन मात्र बाहेरच ठेवायला सांगा.

मातीची तडकली आणि प्लास्टरची टिकली, हे तुम्ही नीट पाहिलंत. सगळं उत्तर तिथेच आहे. जुन्या मातीच्या चित्रांवर बहुधा आधी खडूच्या भुकटीचा पांढरा हात असतो आणि त्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेले भुकटीचे रंग. या रंगात चिकटा जेमतेम असतो. बोट फिरवलं तर बोटाला लागेल इतकाच. क्लिअर कोट वाळताना आकसतो आणि आकसताना खालच्या थराला ओढतो. खालचा थर दमदार असेल तर तो ही ओढ सहन करतो. खडू आणि डिंक ती सहन करू शकत नाहीत, मग फाटतात. त्यात साताऱ्याचा पावसाळा. कच्ची माती आणि सरस दमट हवेत ओल धरून किंचित फुगतात, हवा कोरडी झाली की पुन्हा आवळतात. वरचा कडक थर त्यांच्याबरोबर हलत नाही. पापुद्र्यांच्या कडा वर वळल्या असतील, तर ओढ वरून आली असं समजा.

तुमची प्लास्टरची चित्रं बहुतेक नंतरच्या काळातली, ऑइलपेंटने रंगवलेली असणार. ऑइलपेंटची पकड घट्ट असते आणि वाळलेलं प्लास्टर दमट हवेने फारसं हलत नाही. म्हणून तोच क्लिअर कोट तिथे निमूट बसला.

माझं माहेर पेणचं, घरात गणपतीचा कारखाना. आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, बसण्याआधी काका मूर्तीच्या पाठीवर अस्तर नखाने खरवडून बघायचे. पावडर निघाली की त्या मूर्तीवर त्या दिवशी रंग चढायचा नाही. पुढे मी रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे हीच गोष्ट, खालच्या थराची पकड, यंत्राने मोजायचे आणि अहवालात लिहायचे. काकांचं नख स्वस्त पडायचं.

आता काय करायचं? आधी फक्त बघा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरा आणि भिंगातून तडा पाहा. तडा नुसता वरच्या चकाकीत असेल आणि खालचा रंग अखंड दिसत असेल, तर काहीही करू नका. तड्यातून खडूचा पांढरा दिसत असेल, तर रंगही फाटला आहे. आणि तडा आरपार मातीत गेला असेल, तर तो चित्राच्या अंगातलाच, त्याचा क्लिअर कोटशी संबंध नाही.

मग मिस्त्रीने नक्की काय मारलं ते शोधा. त्याला विचारा, पण त्याच्या उत्तरावर विसंबू नका. सगळ्यात कमी लाडक्या मातीच्या चित्राच्या बुडाला, कानकाडीला गुंडाळलेला कापूस थिनरमध्ये बुडवून मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आहे. ते नुसतं द्रावक उडून वाळतं, म्हणून कितीही वर्षांनी थिनरमध्ये पुन्हा विरघळतं. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा दोन डबे एकत्र करून मारायचं पीयू (पॉलियुरेथेन) असणार. ते रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं आणि रंगाला धक्का न लावता ते काढणं घरी शक्य नाही. नाद सोडा.

एनसी निघालं तर तुमचं नशीब चांगलं. डिंकाचा आणि सरसाचा रंग पाण्याने सुटतो, थिनरने नाही. म्हणजे मातीच्या चित्रांवरचं लॅकर थिनरच्या कापसाने थोडं थोडं टिपून काढता येतं. घासायचं नाही, टिपायचं, आणि दर वेळी कापूस नवा. हेच प्लास्टरच्या चित्रांवर केलंत, तर थिनर ऑइलपेंटच फुगवेल आणि त्यावर सुरकुत्या येतील. तिथे हात लावू नका. ओलं फडकं मात्र मातीच्या चित्रांवर कधीच फिरवायचं नाही. धूळ काढायला खारीच्या केसांचा मऊ ब्रश पुरे.

पापुद्रे उचललेत तिथे कापूस टेकवायचा नाही, रंग त्याच्याबरोबर निघून येईल. जुन्या कलावस्तूंच्या संवर्धनाचं काम करणारे लोक अशा ठिकाणी पॅरलॉइड बी-७२ नावाची अॅक्रिलिक राळ वापरतात. तिचं साधारण ५ टक्के पातळ द्रावण बारीक ब्रशने कडेला सोडलं की ते आपोआप पापुद्र्याखाली शिरतं. पण ही राळ ४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. त्यामुळे असं दुरुस्त केलेलं चित्र मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवायचं नाही. अंगरख्यावरचं काम स्वतः करू नका, असंच मी सांगेन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी करा. वडिलांचे महाराज आहेत, घाई कसली?

दिवाळीत चित्रं मांडू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मांडा की! फक्त पोरं अळीव आणि मोहरी पेरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतात, त्या उतारावर नको. वर, बालेकिल्ल्यावर ठेवा. नंतर धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते.

प्रश्न : मी टेबलावर खेळायच्या युद्धखेळातली छोटी सैन्यं रंगवतो. जुलैमध्ये मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, क्लिअर स्प्रे मारला आणि सगळ्यांवर पांढरं धुकं बसलं. काहींच्या ढालींवर, जिथे रंग जाड होता, तिथे तडेही गेलेत. स्प्रेचा डबा खराब होता का? – ठाणे

उत्तर : डबा कदाचित निर्दोष असेल. जुलै आणि ठाणे, एवढं पुरेसं आहे. स्प्रेमधलं द्रावक झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. धुकं त्याचं. रंगकामातला जुना दंडक असा, की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारायचा नाही आणि पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा, किमान ३ अंश तरी गरम हवा. तुमच्याकडे जुलैत असे दिवस किती, ते तुम्हीच सांगा. मॅटपणासाठी त्यात बारीक पूड घातलेली असते आणि ती तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही तरी पांढरं दिसतं.

एका शिपायावर ब्रशने पाण्यातल्या ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात देऊन पाहा. पुष्कळदा धुकं जातं. मग ब्रशनेच मॅटचा हात द्या. ढालीचे तडे वेगळे. खालचा जाड रंग आतून ओला असताना वर थर चढला, वरचा आधी घट्ट झाला आणि खालचा नंतर आकसला. चित्र नाकाशी धरा. वास येतोय तोवर ते वाळलेलं नाही. तो रंग खरवडून, पॉलिश पेपर मारून ढाल नव्याने रंगवा. तडे भरत बसू नका.

प्रश्न : जपानी कार्टूनमधल्या मुलीची प्लास्टिकची मूर्ती आहे. कपाटात चिकट झाली आणि कोपराजवळ रंग तडकला. वर क्लिअर कोट मारू का? – पुणे

उत्तर : नको. ती मऊ पीव्हीसीची असणार. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं. चिकटपणा तोच. त्यावर मारलेला क्लिअर कोटही चिकटच राहील. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. स्पिरिट किंवा थिनर अजिबात नाही. कोपर वाकतं, रंग वाकत नाही, म्हणून तिथे तडा गेला. एकदा वाटेल तशी पोझ देऊन तिला तशीच राहू द्या. कपाटाचं दार अधूनमधून उघडं ठेवा.